ओळखीची खूण

गेली चौदा वर्षं आमच्या कंपनीच्या डिरेक्टरीत माझा जो फोटो आहे, त्यात माझ्या खांद्यावर एक हात आहे. तो माझा नाही. भाच्याच्या मुंजीतल्या ग्रुप फोटोतून माझं डोकं तेवढं कातरून घेतलं होतं, आणि मेहुण्याचा हात काही केल्या सुटेना म्हणून तो तसाच राहिला. मागे कोपऱ्यात कोणाच्या तरी गुलाबी फेट्याचा शेमलाही आहे, पण त्याबद्दल कोणी विचारत नाही. हाताबद्दल विचारतात. नवीन लागलेली पोरं पहिला आठवडाभर माझ्याशी बोलताना माझ्या खांद्याकडे बघत असतात. एकदा ऑडिटरनेसुद्धा विचारलं,

"हा हात कोणाचा?"

"मेहुण्याचा."

"काही सपोर्टिंग आहे?"

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एचआरमधल्या मुलीची मेल आली. सर्व विभागप्रमुखांचे नवे, प्रोफेशनल फोटो काढायचे आहेत. फोटोग्राफर ऑफिसात येईल. माझी वेळ गुरुवारी ११ वाजून ४० मिनिटं, आणि माझ्या वाट्याला सात मिनिटं. खाली सूचना होत्या. आदल्या रात्री भरपूर झोपा. पाणी प्या. केस तीन-चार दिवस आधी कापा. बारीक चौकटीचे शर्ट नकोत. आणि शेवटी ठळक अक्षरांत : चेहऱ्यावर आत्मविश्वास हवा, पण बघणाऱ्याला आपलेपणाही वाटला पाहिजे.

मी अकाउंट्सला आहे. व्हाउचर घेऊन माझ्यासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला आपलेपणा वाटायला लागला, तर कंपनी दोन तिमाहीत बसेल. पण हे मेलला उत्तर म्हणून लिहिता येत नाही.

पहिली अडचण कपाटात निघाली. बायकोने दार उघडलं, हँगर एकेक करून सरकवले आणि म्हणाली, "चौदा शर्ट आहेत. चौदाही चौकटीचे."

"लाइनिंगचा होता ना एक?"

"तो मोलकरणीच्या नवऱ्याला दिला. त्याने पण परत आणून दिला."

चौकटींना नाही का म्हणतात, ते लेकीने समजावलं. कॅमेऱ्याच्या आतही म्हणे ठिपक्यांची जाळी असते. शर्टाची बारीक चौकट आणि ती जाळी एकमेकींवर पडल्या की फोटोत कापडावर इंद्रधनुषी लाटा उठतात. म्हणजे छातीवर पाणी हलतंय आणि वर मी आत्मविश्वासाने बघतोय. मग लक्ष्मी रोड झाला. "एक साधा निळा शर्ट दाखवा," असं मी म्हटल्यावर दुकानदाराने माझ्याकडे बघितलं आणि काउंटरवर सतरा निळे टाकले. नेव्ही, इंक, पीकॉक, स्टील, आणि एक नुसताच 'ऑफिस'. मी सगळे ट्यूबलाइटखाली बघितले, मग दारात जाऊन उन्हात बघितले. मला सतराच्या सतरा एकच वाटत होते. बायकोला त्यातले सोळा चुकीचे वाटत होते.

शर्ट मिळाला तर कोट नव्हता. कोट आहे, पण तो १९९८ चा, म्हणजे आमच्या लग्नातला. तो चढवून मी हात पुढे केले तेव्हा पाठीत कुठेतरी टर्र असा आवाज आला. बायको म्हणाली, "कोट कपाटात राहून आटला असेल," आणि याला मी संसार म्हणतो. अखेर मेहुण्याला फोन केला. मेहुणा अंगापिंडाने भक्कम. त्याने त्याच संध्याकाळी स्वतःचा ब्लेझर आणून दिला. मी घातला. खांद्याच्या शिवणी माझ्या दंडावर उतरल्या आणि बाह्यांतून बोटांची टोकं तेवढी बाहेर डोकावली. "बघ, फोटोत परत मीच आलो की नाही तुझ्या खांद्यावर!" असं म्हणून मेहुणा खूप हसला.

मग सलून. माझा नेहमीचा सलूनवाला तोंडाने कमी आणि हाताने जास्त बोलणारा आहे. या वेळी माझंच चुकलं, मी त्याला 'फोटो' हा शब्द सांगितला.

"कसला फोटो, साहेब?"

"ऑफिसचा. मोठा कॅमेरा आणणारेत."

त्याने खुर्चीचं पायडल दोनदा दाबून मला वर घेतलं, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाला, "मग मिशीचं काय करायचं?"

माझी मिशी गेल्या दहा वर्षांत हळूहळू, कोणाला न दुखावता पांढरी झाली आहे. तिच्याबद्दल कधी कोणी तक्रार केलेली नव्हती. पण 'मिशीचं काय करायचं' असं कोणी गंभीरपणे विचारलं की माणूस हलतो. वीस मिनिटांनी मी आरशात बघितलं तेव्हा तिथे एक काळीकुळकुळीत मिशी होती आणि तिच्या मागे मी उभा होतो. त्यातून रंग मिशीपुरताच थांबला नव्हता. वरच्या ओठावर त्याची करडी सावली पडली होती, म्हणजे मिशीखाली अजून एक मिशी. "दोन दिवसांत जातो, साहेब. खोबरेल लावा." मी खोबरेल लावलं, मग लिंबू लावलं, मग कोणीतरी सांगितलं म्हणून टूथपेस्ट. गुरुवारपर्यंत रंग गेला, पण कातडी लाल झाली. आता आधी काळी मिशी, खाली लाल पट्टी आणि वर पांढऱ्या भुवया, असा मी तीन रंगांत निघालो. आई म्हणाली, "तू तुझ्या वडलांसारखा दिसायला लागला होतास. आता त्यांच्या मामांसारखा दिसतोस." त्या मामांचं नाव आमच्या घरात एरवी कोणी काढत नाही.

यापूर्वी मी स्टुडिओत जाऊन फोटो असा एकदाच काढला आहे. १९८८ साली अकरावीला कराडच्या कॉलेजात गेलो, तेव्हा एसटीच्या पासासाठी. वडील बरोबर होते. बाहेर काचेच्या कपाटात नवरानवरींचे फोटो, आत पडदा, पडद्यामागे खिळ्याला सुतळीने बांधलेला कंगवा, आणि पावडरीचा एक डबा. त्यातला पफ अख्ख्या तालुक्याच्या गालांवरून फिरून आलेला, म्हणून तो पांढरा नव्हता, साधारण गव्हाळ होता. खुंटीला एक कोट. येईल त्याला तोच. मोठा झाला तर मागून कपड्याचे चिमटे लावायचे, लहान झाला तर मागून उघडा सोडायचा. पुढून प्रत्येक जण तहसीलदार दिसायचा. त्या काळी निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने काम करून चेहऱ्यावरचे डाग घालवत. फोटोग्राफरने माझा चेहरा दिव्याखाली धरून वडलांना विचारलं,

"डाव्या गालावरचा तीळ ठेवू का काढू?"

"ठेवा. कंडक्टरला पोरगं ओळखू यायला नको?"

तीळ राहिला. पुढे लायसन्सच्या फॉर्मवर, पासपोर्टच्या अर्जात, जिथे जिथे ओळखीची खूण विचारली, तिथे मी तोच लिहीत आलो : डाव्या गालावर तीळ. बाकी माझ्याकडे खूण म्हणण्यासारखं काही नाही.

कपडे झाले, केस झाले, राहिलं हसू. एकोणिसाव्या शतकात ड्युशेन नावाचा एक फ्रेंच डॉक्टर होऊन गेला. त्याने एका म्हाताऱ्याच्या चेहऱ्याला विजेच्या तारा लावून एकेक स्नायू हलवून बघितला आणि १८६२ साली त्यावर पुस्तक काढलं. खरं हसू डोळ्यांभोवतीच्या स्नायूंत उमटतं आणि ते ठरवून आणता येत नाही, हा त्याचा निष्कर्ष. ही माहिती लेकीची. ती मानसशास्त्र शिकते आणि प्रयोगाला घरात माझ्याशिवाय कोणी स्वस्तात मिळत नाही.

"बाबा, खालच्या पापण्या थोड्या वर घे. डोळे बारीक नको करू, नुसत्या खालच्या पापण्या."

मी घेतल्या.

"हे सूर्यग्रहण बघितल्यासारखं झालं. आता हनुवटी पुढे आणि किंचित खाली. मान लांब कर."

"कासवासारखी?"

"हां, पण आत्मविश्वास असलेल्या कासवासारखी."

मी बाथरूमचं दार लावून सराव सुरू केला. पापण्या वर, हनुवटी पुढे, दात दिसतील न दिसतील, आणि या सगळ्याच्या वर आपलेपणा. एक आलं की दुसरं जायचं. पापण्या सांभाळायला गेलो की तोंड उघडायचं, तोंड मिटलं की नाकपुड्या फुगायच्या. दहा मिनिटांनी बाहेरून बायकोने विचारलं, "अहो, ओवा देऊ का?" लिफ्टमध्ये आरसा आहे म्हणून तिथेही जरा करून बघितलं. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं, समोर शेजारच्या वहिनी. माझ्या चेहऱ्यावर तेव्हा नेमका आपलेपणा होता. त्या जिन्याने गेल्या.

मला खरी खटकत होती ती वेगळीच गोष्ट. आरशात मी बरा दिसतो. फोटोत कायम कुठेतरी काहीतरी सरकल्यासारखा. लेक म्हणाली, "कारण तू स्वतःला जन्मभर आरशात बघितलंयस. तो उलटा बाबा. आम्ही बघतो तो सुलटा." १९७७ साली अमेरिकेतल्या तिघा संशोधकांनी म्हणे हेच तपासलं. बायकांना त्यांच्याच फोटोच्या दोन प्रती दाखवल्या, एक सरळ आणि एक आरशातल्यासारखी उलटी. बहुतेकींना स्वतःची उलटी प्रत आवडली, आणि त्यांच्या मैत्रिणींना सरळ.

"म्हणजे गेली तीस-पस्तीस वर्षं मी दाढी कोणाची करत होतो?"

"तुझीच. पण दुसऱ्या बाजूने."

गुरुवार उजाडला. आदल्या रात्री भरपूर झोपायचं म्हणून नऊला आडवा झालो आणि झोप येत नाही या काळजीने अडीचपर्यंत जागा राहिलो. भरपूर पाणी मात्र प्यायलो होतो, त्यामुळे उरलेली रात्रही माझीच होती. सकाळी डोळ्यांखाली दोन पिशव्या, त्यात दोन्ही वेळचा भाजीपाला मावला असता. हेल्मेटने केस बसतील म्हणून स्कूटर रद्द करून रिक्षा केली. हातात ब्लेझरचं कव्हर, मान ताठ, शर्टाला चुणी पडू नये म्हणून पाठ न टेकता बसलेलो. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघितलं. "मुलगी बघायला का?" मग मिशीकडे बघून जरा थांबला. "मुलासाठी?"

कॉन्फरन्स रूममधलं टेबल भिंतीला लावून मागे राखाडी कागदाचा भलामोठा रोल सोडला होता. समोर पांढऱ्या कापडाची छत्रीवजा पेटी, त्यात दिवा. बाहेर आम्ही विभागप्रमुख खुर्च्यांवर ओळीने बसलेलो, दाताच्या दवाखान्यात बसतात तसे. प्रत्येकाने स्वतःला काहीतरी केलेलं होतं आणि प्रत्येक जण दुसऱ्याचं बघून 'अरे वा' म्हणत होता. पर्चेसवाल्याने चष्म्याची काच काढून नुसती फ्रेम घातली होती, चकाकी नको म्हणून. आता त्याला दार दिसत नव्हतं. सेल्सवाला हाताची घडी घालूनच आला होता, ती त्याने चहासाठीही सोडली नाही. एमडींची सात मिनिटं पन्नास मिनिटं चालली. ते बाहेर आले तेव्हा म्हणाले, "मला हे असलं जमत नाही बुवा," आणि परत आत गेले.

माझा नंबर साडेबाराला लागला. फोटोग्राफर लेकीच्याच वयाचा, डोक्यावर अंबाडा. माझ्या मागे जाऊन त्याने ब्लेझर गोळा केला आणि विचारलं, "सर, क्लिपा आहेत का?" अकाउंट्समधून बाइंडर क्लिपा आल्या. मोठ्या, काळ्या, जीएसटीच्या फायलींच्या. त्यातल्या चार त्याने माझ्या पाठीला लावल्या. पुढून मी तहसीलदार झालो. कराडच्या चिमट्यांची मला इतकी आठवण आली की डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "सर, डोळे चमकताहेत, मस्त."

चांदीच्या कागदासारखा एक गोल पत्रा असतो, उजेड खालून हनुवटीवर टाकायला. तो धरायला त्याचा मदतनीस आलाच नव्हता, म्हणून आमच्या ऑफिसातल्या मामांना उभं केलं होतं. सकाळपासून अकरा जणांच्या हनुवट्यांखाली पत्रा धरून मामा तयार झाले होते.

"साहेब, हनुवटी पुढं घ्या. हां. आता मागं. लईच मागं गेली."

"मामा, तुम्ही नुसतं धरा."

"धरलंयच. हसा की जरा. पगारवाढ झाल्यासारखं."

"झाली नाही."

"म्हणून तर म्हणलं, झाल्यासारखं."

मी पापण्यांचं सुरू केलं. फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला. "सर, उन्हाचा त्रास होतोय का?" मी ते सोडलं. कासव काढलं. त्याने स्टूल पुढे सरकवलं, मागे सरकवलं, लेन्स बदलली. मोबाइलने जवळून काढला की नाक सगळ्यांच्या पुढे येतं, म्हणून तो ८५ ची लेन्स लावून लांब उभा राहतो, असं त्याने सांगितलं. तो लांब जाईल तितकं नाक जागेवर जातं, हे ऐकून मी त्याला सुचवलं की लॉबीतून काढून बघ. शेवटी तो म्हणाला, "सर, सगळं सोडून द्या. आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा क्षण आठवा."

आता हा प्रश्न बायकोसमोर कोणी विचारला असता तर उत्तर पाठ आहे. तिथे ती नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर एका ३१ मार्चची रात्र उभी राहिली. बॅलन्स शीट पहिल्याच फटक्यात जुळली होती. रात्रीचे पावणेबारा, दोन्ही बाजूंना तीच रक्कम, पैशाचाही फरक नाही. माझा चेहरा आपोआप सैल झाला, डोळ्यांभोवतीचं ते ड्युशेनचं काय ते हललं असावं. "एक नंबर, सर! असंच!" आणि तेवढ्यात मला आठवलं की जूनमध्ये त्यात एक डबल एंट्री सापडली होती. बाकीचे सगळे फोटो त्या डबल एंट्रीचे आहेत.

१८३९ साली फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियस नावाच्या तरुणाने स्वतःचा फोटो काढला. जगातल्या पहिल्यावहिल्या चेहऱ्याच्या फोटोंत तो धरतात. केस विस्कटलेले, हात छातीशी, आणि माणूस चौकटीच्या मधोमधही नाही. कॅमेऱ्यासमोर त्या काळी बराच वेळ न हलता बसावं लागे, नाहीतर चेहऱ्याचा धूर व्हायचा. तो न विंचरता बसला आणि आज पावणेदोनशे वर्षांनीही देखणा दिसतो. त्याला एचआर नव्हतं.

सोमवारी फोटो आले. वीस होते, एक निवडायचा होता. बायकोने एक निवडला, लेकीने दुसरा. आईने चष्मा लावून सगळे नीट बघितले आणि एकावर बोट ठेवलं, "हा मोठा करून ठेव." कशासाठी ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तोच पाठवला, कारण डबल एंट्रीच्या आधीचा तो एकटाच होता.

दोन दिवसांनी तो 'फिनिशिंग' होऊन आला. डोळ्यांखालचा भाजीपाला गेला होता. ओठावरची लाल पट्टी गेली होती. गळ्याखालची दुसरी हनुवटी, जी मी स्वखर्चाने कमावली होती, तीही गेली. बायकोने फोन जवळ घेतला, लांब धरला.

"तीळ कुठाय?"

तीळ नव्हता. कराडच्या माणसाने निदान विचारलं तरी होतं. मी एचआरला मेल टाकली : फोटोत माझ्या डाव्या गालावरचा तीळ नाही. सर्व सरकारी कागदपत्रांवर तो आहे. कृपया परत बसवावा. पाच मिनिटांत उलट मेल, "शुअर सर! साइज?" मी लिहिलं, मोहरीएवढा. पुढे कंसात लिहिलं, फोडणीची, लोणच्याची नव्हे.

संध्याकाळी फोटो आला आणि मी थक्क झालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा फोटोतला माणूस मी होतो. काही सरकलेलं नव्हतं, काही खटकत नव्हतं. पोराने कमाल केली होती. मी बायकोला हाक मारली. तिने बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग परत फोनकडे.

"अहो, त्याने दुसऱ्या गालावर बसवलाय. फोटोच्या डाव्या बाजूला डावा गाल धरला त्या मुलाने."

"काहीतरीच काय. चल."

मी तिला बाथरूममध्ये नेलं, आरशासमोर उभा राहिलो आणि गालाशेजारी फोन धरला. आरशात तीळ डावीकडे. फोनवर तीळ डावीकडे. मी आळीपाळीने दोन्हीकडे बोट दाखवलं. "हे बघ. जुळतंय."

"आरशाशी जुळतंय. तुमच्याशी नाही."

तिचं सगळं बरोबर असेल. पण दोन्ही बाजू जुळलेल्या दिसल्या की त्यात पुन्हा हात घालायचा नसतो, जूनमध्ये काय सापडायचं ते सापडेल. मी तिथेच बेसिनला टेकून एचआरला उत्तर लिहिलं : टॅली झालं. मंजूर.